फळ्यांखालचे आजोबा

आधी एक सांगते, माझी नणंद वेडी नाही. गल्लीतल्या बायका हल्ली ती दिसली की पोरांचा हात ओढून पलीकडच्या बाजूला जातात, ते बघून माझं डोकंच फिरतं. याच बायका तीन वर्षं दर रविवारी आपली कार्टी तिच्या गळ्यात घालून घरी निवांत पाय पसरत होत्या. तेव्हा ती देवमाणूस होती, आता म्हणे तिच्यामुळे माणूस गेला. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही हे मलाही कळतं. पण निदान काय झालं ते नीट माहीत करून घ्या आणि मग तोंड उघडा. मी तिथे होते, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत होते.

ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. लोक म्हणतात जमलं नाही, ती म्हणते सुटले. आठवड्याचे सहा दिवस दोऱ्याच्या कारखान्यात रिळांवर रंगांच्या चिठ्ठ्या डकवायचं काम करायची. घरी आली तरी बोटांना डिंक असायचा. तिला लहानपणी गाण्याचं फार वेड होतं. नऊ वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात रांगेत उभी राहिली, तर गाणं शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." झालं! तीस-पस्तीस वर्षं होऊन गेली, पण ते वाक्य ती अजून बाईंच्याच आवाजात म्हणून दाखवायची. मी चेष्टा करायचे, "अगं, तुझा आवाज खरंच फुटक्या डब्यासारखा आहे, बाईंचं काय चुकलं?" ती हसायची. पण तेव्हापासून तिने मनाशी एक धरलं होतं ते सोडलं नाही. मूल काहीही म्हणो, त्याला 'नाही' म्हणायचं नाही. मूल म्हणालं ढग हिरवा, तर ढग हिरवा. आपण फक्त विचारायचं, "बरं, मग पुढे?"

हा तिचा नियम. मला सुरुवातीला त्याचं भारी कौतुक होतं. आता आठवला तरी अंगावर काटा येतो.

दर रविवारी ती गल्लीतल्या मुलांचा गाण्यांचा, चित्रांचा, गोष्टींचा वर्ग घ्यायची, तो हॉल लाँड्रीच्या वर होता. बाजूच्या बोळातून बावीस पायऱ्यांचा जिना, वर लांबट खोली, तीन खिडक्या आणि खाली जुन्या लाकडी फळ्यांची जमीन. मालकाने हॉल तात्पुरता दिला होता, त्याला तिथे खोकी भरून ठेवायची होती. आम्ही दोघींनी तो घासूनपुसून काढला. एक शाळा बंद पडली होती, तिथला जुना पियानो कुणीतरी 'घेऊन जा एकदाचा' म्हणून दिला. अकरा पट्ट्या मुक्या होत्या त्याच्या. ते धूड वर चढवायला सात माणसं लागली आणि त्यात खालची बाजू धरली होती लाँड्रीवाल्या काकांनी. सत्तरीचा माणूस, पण मनगटं लोखंडी. मशीनच्या घरघरीत पन्नास वर्षं काढल्यामुळे ऐकायला मात्र कमी यायचं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं.

चोवीस मुलं होती. त्यात माझी मुलगी, सात वर्षांची. लहानपणापासून जमिनीवर पडून काहीतरी न्याहाळत बसायची म्हणून तिचं नाव मुंगी. ती 'आत्या' म्हणायची, म्हणून बाकीची तेवीसही 'आत्या' म्हणायला लागली आणि मग त्यांचे आईबापसुद्धा. नणंद माझी, आणि आत्या झाली अख्ख्या गल्लीची. मी वर्गात काय करायचे? कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या, नाकं पुसायची, पडदे शिवायचे आणि तिने गोष्टीत वाहून जाऊन चहा थंड केला की तो गरम करायचा. गोष्ट सांगायला लागली की तिला कशाची शुद्ध नसायची. रिकामे डबे वाजवून पाऊस करायची, कागदाचे बोळे चुरगळून आग करायची. पोरं तोंड उघडं टाकून बघत राहायची. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा बघत राहायचे.

काका तिला बटणं द्यायचे. पन्नास वर्षांत कपड्यांवरून गळलेली बटणं त्यांनी बरण्यांत साठवली होती. मुलं ती चिकटवून मासे करायची, डोळे करायची, गाड्यांची चाकं करायची. "वर पोरं नाचली की माझ्या टेबलावर भुसा पडतो," काका एकदा ओरडून म्हणाले होते, "मी समजतो, आज मजा चाललीय!" आम्ही हसलो होतो. रविवारी लाँड्री बंद, पण ते शटर अर्धं ओढून एखादा तास हिशेबाबाहेरचं काहीतरी खुडबुड करत बसायचे. घरी एकटे होते ना.

वर्ग सुरू व्हायचा तो ऐकण्याच्या खेळाने. रंग आणि कात्र्या नंतर, आधी कान, असं आत्याचं म्हणणं. सगळ्यांनी पालथं पडायचं, एक कान फळीला लावायचा, डोळे मिटायचे. ती पियानोवर एक सूर दाबायची. तो विरला की आणखी काय ऐकू येतं ते एकेकाने सांगायचं. एकाला शेजारच्याच्या पोटातली गुरगुर ऐकू आली, त्यावर आम्ही पोटातल्या वाघाचं गाणं केलं. कुणाला नळातलं पाणी, कुणाला खिडकीच्या काचेची थरथर. आत्या स्वतः पियानोच्या स्टुलावरच बसलेली असायची. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता, जमिनीवर बसली तर उठवायला दोघं लागायची.

एके दिवशी मुंगी म्हणाली, "फळीखाली कुणीतरी आहे."

"बरं, मग पुढे?" आत्याचे डोळे चमकले.

"कर्रर्र करतं. मग थांबतं. मग टक."

सगळ्या पोरांनी पुन्हा कान लावले. थोड्या वेळाने दोघातिघांनी मान हलवली, हो, आहे. कोण असेल, कोण असेल, नुसता गलका. एक जण म्हणाला, कूस बदलतंय कुणीतरी. दुसरी म्हणाली, आमचे आजोबा अशीच कूस बदलतात, त्यांची हाडं वाजतात. बस्स! फळ्यांखालचे आजोबा जन्माला आले. त्या दिवशी चोवीस कागदांवर चोवीस आजोबा झोपलेले होते. कुणाची दाढी फळ्यांच्या फटीतून वर आलेली, कुणाच्या पायांना बटणांचे बूट. आत्याने सगळी चित्रं दोरीवर टांगली आणि मला म्हणाली, "वहिनी, बघ, असं कुणाला शिकवून येतं का गं?" तिचा चेहरा असा फुलला होता की मीही चित्रं सरळ करायला लागले.

पुढच्या सहा महिन्यांत ते आजोबा चांगले बाळसं धरत गेले. दर रविवारी मुलं कान लावायची आणि आजोबांची खबर सांगायची. आज दोनदा कुशीवर वळले. आज पाचदा. आज टक नाही, टकटक. आत्या वहीत लिहून घ्यायची आणि त्या तालावर गाणं बांधायची. पुढे बटणं पळायला लागली. बरणी सांडली की बटणं सगळीकडे पांगायला हवीत की नको? तर ती घरंगळत खोलीच्या मध्यावर जाऊन जमायची. पोरं टाळ्या पिटायची, "आजोबा बोलावतायत, आजोबा बोलावतायत!" त्याचाही खेळ झाला. कुणाचं बटण आधी आजोबांकडे पोचतं त्याची शर्यत. मग भिंतीतल्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. मी कागदाची घडी खोचून ते बसवायचे, पुढच्या रविवारी घडी खाली पडलेली आणि दार सताड उघडं. रंगाच्या वाटीतलं पाणीसुद्धा एका अंगाला झुकलेलं दिसायचं.

मला ते खटकत होतं, खोटं बोलणार नाही. मी आत्याला म्हटलं, "अगं, ही जमीन मध्ये खचल्यासारखी वाटत नाही तुला?"

"वहिनी, तू म्हणजे ना! जुनी इमारत आहे, माणसाला पोक येतं तसं तिला आलंय."

मी गप्प बसले नाही हो. खाली जाऊन काकांना विचारलं, वरचं लाकूड ठीक आहे ना? त्यांनी वर बोट दाखवलं. त्यांच्या डोक्यावर प्लायचं छत होतं, पांढरा रंग दिलेलं, नीटनेटकं. वाफेने वरच्या तुळया काळ्या पडल्या, गिऱ्हाइकांना बघायला बरं वाटेना, म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी ते ठोकून घेतलं होतं. "अगं पोरी, त्या तुळया माझ्या बापापेक्षा म्हाताऱ्या आहेत, आपल्या दोघांना पुरून उरतील!" असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. प्लायच्या एका सांध्यातून टेबलावर पिवळा भुसा पडला होता, तो त्यांनी हाताने सहज झटकला. आणि मी शहाणी, चहा पिऊन वर आले. वाटलं, रोज खाली उभा राहणारा माणूस सांगतोय, त्याला जिवाची काळजी नसेल का?

त्याच सुमाराला मालकाने निरोप धाडला की हॉल रिकामा करा. आत्या हबकलीच. कारखाना, डिंक, चिठ्ठ्या आणि हा रविवार, याशिवाय तिच्या आयुष्यात होतं काय? ती नगरपालिकेच्या कचेरीत खेटे घालायला लागली. चौथ्या खेपेला एका साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तुमचा कार्यक्रम बघायला येतो, आवडला तर हॉल कचेरीतर्फे कायमचा मुलांच्या नावाने करून घेऊ. त्या दिवशी ती घरी आली ती जिन्यातूनच ओरडत. माझा नवरा म्हणाला, "लहानपणी बाहुलीचा हात परत मिळाला होता तेव्हा अशी ओरडली होती."

कार्यक्रम काय करायचा हे ठरवायलाच नको होतं. फळ्यांखालचे आजोबा! सहा महिन्यांची गोष्ट, सहा महिन्यांची गाणी. शेवट असा की गोष्टीतल्या गावावर संकट येतं, आजोबाच वाचवू शकतात, पण ते झोपलेत. मग सगळी मुलं आणि बघायला आलेली मोठी माणसंही एका तालावर पाय आपटतात आणि आजोबांना उठवतात. कर्रर्र, धम! कर्रर्र, धम! तालीम बघताना मला छातीत धडधडल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचे, गाणं जोरकस झालंय म्हणून.

तालमींतच मुंगी बिघडली. पालथी पडेना, कान लावेना. खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसायची. घरी मात्र आमच्या फरशीला कान लावून विचारायची, "आई, आपल्या घरात नाही ना ते?" मी म्हणायचे, आजोबांना काय घाबरायचं, वेडाबाई? शेवटच्या तालमीला आत्याने तिला लाडाने जवळ बोलावलं. "आमचे आजोबा हिनेच तर शोधले! सांग, आज काय म्हणतायत?"

मुंगी फळीवर वाकली. उठली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "ते आजोबा नाहीत. काहीतरी मोडतंय."

"बरं, मग पुढे? काय मोडलं आजोबांचं?"

"काठी!" मागून कुणीतरी ओरडलं. "चष्मा!" "कवळी!" पोरं खिदळायला लागली. आत्याने वही उघडली, काठी लिहून घेतली.

"नाही!" मुंगी किंचाळली आणि रडायला लागली. "गोष्ट नाहीये! खरंच मोडतंय!"

आत्या बावरली. तिला पुढे काय करावं तेच कळेना. तीन वर्षांत तिच्या वर्गात कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं? मी मुंगीला दंडाला धरून जिन्यात नेलं आणि चिमटा काढला. म्हटलं, "उद्या साहेब येणार आहेत, आत्याच्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओतायचंय का तुला?" ती गप्प झाली. दंडावर दोन लाल बोटं उमटली होती. देवाशपथ, त्या चिमट्याची आठवण झाली की स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटतो.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच मी हॉलवर गेले. मागचा पडदा घडीत राहून चुरगळला होता, शिवाय पाहुण्यांना पियानो नीट दिसावा म्हणून तो भिंतीपासून मध्ये आणायचा होता. मी आणि चार बापांनी मिळून ढकलला. ढकलायला सोपा गेला, उतारावर असल्यासारखा. पडदा घेऊन मी मागच्या दाराने काकांकडे गेले. ते होतेच आत. "काका, एवढी इस्त्री मारून द्या ना, आज सुट्टी आहे माहितेय, पण पोरांचं काम आहे!" मी कानाशी ओरडले. ते खूश झाले. म्हणाले, "पोरांसाठी काय सुट्टी? ठेव, तासाभरात करतो, मग मीही वर येतो बघायला." मोठा पडदा, सगळ्या टेबलभर पसरला. टेबल खोलीच्या बरोबर मध्यावर होतं. पुढचं शटर खाली ओढलेलंच राहिलं, रस्त्यावरून आत कुणी आहे हे दिसत नव्हतं.

साठेक माणसं आली. साहेब पहिल्या खुर्चीत. कुणी खुर्च्यांवर, कुणी जमिनीवर, आया मांडीवर पोरं घेऊन. पडदा अजून आला नव्हता, पण वेळ झाली म्हणून आत्याने तसंच सुरू केलं. काय सुरेख रंगलं होतं म्हणून सांगू! साहेब गुडघ्यावर ताल धरत होते. मुंगी मात्र आतच येईना, दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, एक पाय जिन्यात. मी डोळे वटारले, ती हलली नाही.

मग शेवटचं गाणं आलं. कर्रर्र, धम. मुलांनी पाय आपटले. मग आयांनी, बापांनी, साहेबांनीही. पियानोवरची फुलदाणी नाचायला लागली. तिसऱ्या धमला मुंगी दारातून ओरडली, "आत्या, तू ऐक! तू एकदा तरी ऐक!"

आत्याचे हात पट्ट्यांवर थांबले. साहेब, हॉल, सगळं पणाला लागलेलं आणि ती थांबली. तिने सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाली, "वहिनी, मला खाली पडायला मदत कर." लोक हसले, त्यांना वाटलं गोष्टीतलंच आहे. मी तिला धरून हळूहळू खाली टेकवलं. साठ माणसांसमोर ती पालथी पडली आणि तिने फळीला कान लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मी तिचा चेहरा अगदी जवळून बघत होते. आधी तो ऐकणाऱ्याचा होता. मग त्यातलं रक्त उतरलं. तिने माझा हात घट्ट धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मला उठव, पण धक्का देऊ नकोस."

उठून उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडावर हसू होतं. ते कुठून आणलं देव जाणे. "मुलांनो, गोष्ट बदलली," ती कुजबुजली. "आजोबांना आत्ताच डोळा लागलाय. त्यांना उठवलं तर फार रागावतील. आता आपण काय करायचं? मांजरीसारखं जायचं. मधली रांग आधी, भिंतीला चिकटून, एकेकाने. जो आवाज करेल तो हरला. मोठ्यांनीसुद्धा." पोरांना आत्याचा शब्द म्हणजे काय, ती लगेच चवड्यांवर उभी. आया-बापही हसत उठले. साहेब म्हणाले, "अहो, पण हे काय..." तिने सरळ त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं. "बूट हातात घ्या, साहेब." आणि त्यांनी घेतले!

बावीस पायऱ्या, साठ मोठी आणि चोवीस मुलं, आणि खाकरल्याचासुद्धा आवाज नाही. मी मुंगीला कडेवर घेऊन रांगेच्या मध्येच कुठेतरी उतरले. समोरच्या फुटपाथवर सगळे जमले. काहींनी टाळ्या वाजवल्या. एक बाप म्हणाला, काय भन्नाट शेवट केला हो! मला हसू आवरेना, रडूही आवरेना. मुंगीचे मुके घेत होते, तिच्या दंडावरचे वळ चोळत होते, कुणीतरी पाणी दिलं ते प्यायले. पहिलं मूल खाली आलं त्यापासून आत्या शेवटची पायरी उतरेपर्यंत दहा मिनिटं तरी गेली असतील. ती भिंतीला धरत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "झाले सगळे? मोजलेस?" मी म्हटलं, "मोजले. सगळे आहेत."

तेवढ्यात मोठा आवाज झाला. कडकड नाही, तसलं काही नाही. एखादा माणूस दमून खाली बसावा तसा, पण प्रचंड. मग पियानोच्या सगळ्या पट्ट्या एकदम वाजल्या. शटर फुगलं आणि त्याच्या खालच्या फटीतून वाफ आणि धूळ बाहेर आली.

तेव्हा मला काका आठवले.

पुढचं काय सांगायचं? त्यांना काढायला तीन तास लागले. वर सगळं चिडीचूप झालं, ते त्या अर्ध्या कानांना कळणार कसं? बोळातून चौऱ्याऐंशी माणसं मांजरीच्या पावलांनी गेली, आणि ते आत इस्त्री फिरवत होते. डॉक्टर म्हणाले, फार वेळ कळलं नसेल त्यांना. असं डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात.

मग वरातीमागून घोडं. मोजपट्ट्या घेऊन माणसं आली, तुळया बोटाने कुस्करून बघितल्या, ओल्या बिस्किटासारख्या गळून पडत होत्या. आधी तपासायला हवं होतं, वजन ठेवायला नको होतं, अमुक आणि तमुक. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं! चौकशीचे साहेब आमच्या घरी आले तेव्हा आम्ही दोघी समोर बसलो होतो आणि मुंगी माझं बोट धरून उभी होती. त्यांनी विचारलं, "खाली माणूस आहे हे कुणाला माहीत होतं का? टेबलावर हॉलचा पडदा मिळालाय. तो त्यांना कुणी दिला?"

मी मुंगीकडे बघितलं. आत्याने माझ्याकडे बघितलं. पडदे माझं काम, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती शांतपणे म्हणाली, "मी दिला. मला माहीत होतं. गडबडीत विसरले."

ते गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. "कशाला बोललीस? मी आत्ता जाऊन खरं सांगते."

"आणि मुंगीचं काय?" ती म्हणाली. "आपण सगळ्यांना वाचवलं असं वाटतंय तिला. तिला कळू दे का, की आईने एक हाक मारली असती तर... राहू दे, वहिनी. मी सहा महिने त्या आवाजाची गाणी करत बसले. माझ्या अंगावर ते आहेच, त्यात एक पडदा जास्त. माझ्यामागे कोण आहे विचारायला?"

आणि मी, जिच्या तोंडाचा पट्टा गल्लीत प्रसिद्ध आहे, मी गप्प बसले. एक दिवस, दोन दिवस, बघता बघता पाच महिने. आत्या कारखान्यात जाते, येते, डिंक धुते, जेवते. वहीतली पानं तिने फाडून टाकली. मुलं रस्त्यात दिसली की तीच मान खाली घालते. मुंगीने गोष्ट सांग म्हटलं तर म्हणते, मला येत नाही.

काल मुंगी शाळेतून आली. दप्तर न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आत्याने काकांना मारलं का? सगळ्या मुली म्हणतात." मी भांडी घासत होते. मी म्हटलं, "हात धुऊन जेवायला बस." तिने हात धुतले, बसली, आणि जेवण संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. आत्या समोरच होती. तिने ताटातून डोळे वर केले नाहीत.

म्हणून आज हे सगळं सांगितलं. दुपारी मुंगीला शाळेतून आणणार, आधी तिला जवळ बसवून सांगणार आणि मग त्या चौकशीच्या साहेबांकडे जाणार. ती मला काय म्हणेल, पुन्हा माझं बोट धरेल की नाही, मला माहीत नाही. फार भीती वाटते. पण पडदा मी दिला होता. काका खाली आहेत हे मला माहीत होतं, आणि दहा मिनिटं मी समोर उभी राहून हसत होते.